आधी कोरी शीट उघड, मग निबंध लिही

ह्यूस्टनहून आलेल्या पत्रात पाच प्रश्न आहेत. पत्रलेखिका ३३ वर्षांची, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सौर आणि पवन प्रकल्प ग्रिडला जोडण्याचे अभ्यास ती ९ वर्षं करते आहे. मुलगी दुसरीत, नवरा तेलाच्या कंपनीत. आता पूर्णवेळ एमबीए करून या प्रकल्पांच्या कर्ज-भांडवलाच्या बाजूला जायचं आहे. कुठलं बिझनेस स्कूल, जीमॅट की जीआरई, व्हिसाचं काय, पैशांचं काय, आणि सासूबाई पुण्याहून फोनवर ‘आता या वयात कशाला?’ म्हणतात त्यांना काय सांगू?

पाचही उत्तरं शेवटी पटापट उरकते. खरा घोळ पत्रासोबत पाठवलेल्या निबंधाच्या मसुद्यात आहे, आणि त्याबद्दल तू काही विचारलंच नाहीस.

मसुदा सुरू होतो तो असा: ‘लहानपणापासून मला निसर्गाची ओढ आहे. हवामानबदलाच्या या काळात भांडवलाला योग्य दिशा देणारा दुवा मला व्हायचं आहे.’ अगं, असे दुवे व्हायला निघालेल्यांच्या अर्जांचा प्रत्येक स्कूलमध्ये ढीग लागलेला असतो. ९ वर्षांत तू काय पाहिलंस, त्याची त्यात एकही ओळ नाही. पत्रात मात्र जाता जाता लिहून गेलीस, ‘वेस्ट टेक्सासमधले प्रकल्प लवकर जोडले जातात, पण पुढे वीज बाहेर निघत नाही.’ हे निबंधाचं पहिलं वाक्य. ते तिथे का नाही, तेही मला ठाऊक आहे. त्या अडकलेल्या विजेचे डॉलर किती होतात, हे तू कधी मांडलेलं नाहीस. आपण इंजिनिअर लोक आकडे काढून देतो आणि ‘फायनान्सवाले बघतील’ म्हणून उठतो. आमच्या घरीही दोघांनी हेच केलं.

म्हणून माझा हट्ट: अर्जाला हात लावण्याआधी एका सौर प्रकल्पाचं आर्थिक मॉडेल कोऱ्या एक्सेलवर स्वतः बांध. विकतचा साचा नको, यूट्यूबवरून उतरवलेला नको. कागदावरची जुळणी आधी बघ, म्हणजे काय बांधायचं ते कळेल.

१०० मेगावॅटचा प्रकल्प घे. क्षमता एसी, म्हणजे ग्रिडला जाणाऱ्या विजेची धरायची. पॅनेलची डीसी क्षमता याहून जास्त असते आणि पहिली चूक तिथेच होते. कपॅसिटी फॅक्टर, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज वर्षभरात खरोखर निघते ते, २८ टक्के धरला तर १०० गुणिले ८,७६० तास गुणिले ०.२८, म्हणजे वर्षाला सुमारे २,४५,००० मेगावॅट-तास. हे पी५०, म्हणजे प्रत्यक्ष वीज याहून जास्त किंवा कमी निघण्याची शक्यता सारखीच. पीपीएचा, म्हणजे वीजखरेदी कराराचा भाव मेगावॅट-तासाला ४० डॉलर धरू. उत्पन्न ९८ लाख डॉलर. देखभाल, जमिनीचं भाडं, विमा, प्रॉपर्टी टॅक्स मिळून २३ लाख वजा. उरले ७५ लाख. बँक म्हणते डीएससीआर १.३० हवा, म्हणजे हप्त्याच्या १.३ पट रोकड हातात दिसली पाहिजे. तेव्हा हप्ता जास्तीत जास्त ५७.७ लाख. साडेसहा टक्के व्याज आणि १८ वर्षं धरली तर त्या हप्त्यावर सुमारे ६ कोटी डॉलर कर्ज बसतं. प्रकल्पाच्या खर्चातून हे कर्ज वजा केलं की उरतं ते टॅक्स क्रेडिटच्या, म्हणजे सरकारी करसवलतीच्या, आणि मालकाच्या पैशातून.

आता तुझी गंमत. करार हबच्या, म्हणजे मोठ्या भागाच्या सरासरी भावावर झालेला, आणि प्रकल्पाला पैसे मिळतात नोडच्या, म्हणजे तो ग्रिडला जिथे जोडलाय त्या बिंदूच्या भावाने. लाइनवर गर्दी झाली की नोडचा भाव हबच्या खाली जातो. मधला फरक प्रकल्पाच्या खिशातून. सरासरी फक्त ३ डॉलर कमी धर. वर्षाला साडेसात लाखांच्या आसपास गेले, डीएससीआर १.३० वरून १.१७ वर आला. बँकेला हे आधीच दिसलं, तर ती कर्जच ५९ लाखांनी कमी देईल. तू ज्या लोड-फ्लोवर, म्हणजे कुठल्या लाइनवरून किती वीज वाहते त्या गणितावर, रोज डोकं घालतेस, त्याचं हे डॉलरमधलं रूप. अर्कॉटच्या, म्हणजे टेक्सासचा ग्रिड चालवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत जोडणी चटकन मिळते आणि गर्दीचा भार नंतर सोसावा लागतो, हे तुला झोपेतही ठाऊक आहे. बँकेच्या टेबलावर बसलेल्या बऱ्याच जणांना ते इतक्या आतून ठाऊक नसतं.

हे जमलं की हळूहळू खरेपणा आण. पॅनेलचं उत्पादन दरवर्षी अर्ध्या टक्क्याने घटव. समान हप्ते काढून टाक आणि प्रत्येक वर्षाच्या रोकडीला १.३० ने भागून हप्ते बसव. याला स्कल्प्टिंग म्हणतात. एका वर्षाचा पी९९, म्हणजे ९९ टक्के शक्यतेने निदान इतकी तरी वीज निघेलच असा आकडा, घालून डीएससीआर १.० च्या खाली जात नाही ना ते बघ, आणि पी५० व पी९९ या दोन्हींतून जे कर्ज कमी येईल ते घे. पीपीए १५ वर्षांची आणि परतफेड १८ वर्षांची ठेवलीस तर शेवटची ३ वर्षं बाजारभावावर उघडी पडतात. त्या वर्षांना बँक १.३० मानणार नाही, १.८ च्या वर मागेल. बांधकामातलं व्याज कर्जावर अवलंबून आणि कर्ज त्या व्याजावर, म्हणून एक्सेल ‘सर्क्युलर रेफरन्स’ ओरडेल. इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करून गप्प बसवू नकोस. एकदा चूक शिरली की शीटच्या सगळ्या पेशी (सेल) बिघडतात आणि कारण सापडत नाही. कर्जाचा आकडा वेगळ्या पेशीत हाताने चिकटव, फरक शून्य होईपर्यंत पुन्हा चिकटव. मग त्याचा छोटा मॅक्रो कर.

टॅक्सचा भाग सगळ्यात शेवटी घे. जुलै २०२५ च्या कायद्यानंतर, ४ जुलै २०२६ पर्यंत काम सुरू न झालेल्या सौर आणि पवन प्रकल्पांना २०२७ संपायच्या आत वीज चालू करावी लागते, नाहीतर क्रेडिट गेलं. बॅटरीला मुदत बरीच जास्त आहे. तू पदवी घेऊन बाहेर पडशील तेव्हा हे चित्र आणखी सरकलेलं असेल, म्हणून निबंधात नुसती टॅक्स इक्विटीची, म्हणजे करसवलतीच्या बदल्यात प्रकल्पात पैसे घालणाऱ्यांची, स्वप्नं रंगवू नकोस. गर्दीच्या नोडवर बॅटरीला कर्ज कसं द्यायचं, हा प्रश्न तुझ्या हातातला आहे.

‘हे सगळं तिथे शिकवतीलच की’ असं म्हणशील. शिकवतात, पण प्रोजेक्ट फायनान्सचा विषय बहुतेक ठिकाणी इलेक्टिव्ह असतो आणि अनेकांच्या वाट्याला दुसऱ्या वर्षीच येतो. बँकांच्या पॉवर आणि इन्फ्रास्ट्रक्चर गटांच्या इंटर्नशिपची धावपळ मात्र पहिल्या सत्रातच सुरू होते. डेव्हलपर, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्या, आणि फंड उशिरा, वसंतात जागा भरतात आणि दोन-तीन तासांची मॉडेलिंग परीक्षा हातात ठेवतात. तिथे पाटी कोरी असून चालत नाही. माझ्या भाच्याने हा सल्ला ऐकला नाही, आणि तो उन्हाळा त्याने भलत्याच विभागात काढला. बस, त्याचं इतकंच.

आता उरलेलं. स्कूल: मॉडेल झाल्यावर ठरव. ड्यूक, येल आणि मिशिगन इथे पर्यावरणाच्या पदवीसोबत जोड-एमबीए होतं; तुला तांत्रिक बाजू आधीच येते, तेव्हा तिसरं वर्ष आणि त्याची फी कशाला? ह्यूस्टन सोडायचं नसेल तर राइसचं नोकरी सांभाळून करायचं एमबीए आहे, यूटी ऑस्टिनचंही ह्यूस्टनमध्ये आहे. नोकरी न सोडता त्याच कंपनीत फायनान्सच्या टेबलाजवळ सरकता येईल का, हे आधी साहेबाला विचार. परीक्षा: जीमॅट आता सव्वादोन तासांची, ६४ प्रश्न, निबंध नाही; दोन्हींची एकेक सराव परीक्षा दे आणि जी बरी जाईल ती धर. राउंड एक सप्टेंबरात, राउंड दोन जानेवारीच्या सुरुवातीला. शिफारसपत्र ज्याने तुझं काम जवळून पाहिलंय त्याचं घे, व्हाइस प्रेसिडेंटचं नको.

व्हिसा: नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे म्हणतेस, तर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर शिकणं आणि ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर इंटर्नशिप करणं, आणि दुसरीकडे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाची मुभा घेणं, या दोन्ही वाटा वकिलासमोर मांड. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. पैसे: नामवंत ठिकाणी नुसती ट्यूशन वर्षाला ८० हजार डॉलरच्या आसपास, त्यात तुझा दोन वर्षांचा बुडालेला पगार मिळवून तेही एक्सेलमध्ये मांड. तिथेही डीएससीआर काढता येतो, आणि नवऱ्यालाही दाखवता येतो.

भारतात परतायचा विचार ताजा कलममध्ये लिहिलायस. महाराष्ट्रात सौर कृषी वाहिनीसारख्या कामांत वीज घेणारी महावितरण असते, म्हणून मॉडेलमध्ये नोडच्या भावाऐवजी बिल किती दिवसांनी वसूल होईल याची ओळ लागेल. ६० दिवस आणि १८० दिवस, दोन्ही घालून बघ.

सासूबाईंना सांग, वर्ग सुरू झाल्यावर पहिले चार महिने नातीकडे या. बहुतेक वेळा ‘कशाला?’चा अर्थ ‘मला कुणी विचारलं नाही’ असा असतो. त्यांचं तिकीट आणि बी-२ व्हिसाची मुलाखत मात्र आत्ताच बघायला घे.