न विचारता विमा

प्रश्न: सोलापूर-पुणे बसचं तिकीट ॲपवरनं काढलं, पैसे गेल्यावर बघतो तर प्रवास विम्याचे १५ रुपये आणि कसल्यातरी देणगीचे ५ जादा. मी कुठंच हो म्हटलं नव्हतं. मित्र म्हणतो टिक काढायची होती की, २० रुपड्यांसाठी कशाला डोकं लावतो. चूक माझी का?
– एक वाचक, नवी पेठ, सोलापूर

उत्तर: नाही हो दादा, आणि तुमच्या मित्राचा हाच सूर कंपन्यांना पाहिजे असतो! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये अशा १३ फसव्या युक्त्यांना मनाई केलीय, त्यात न विचारता बिलात विमा, देणगी घुसवणं येतंच, आधीच मारून ठेवलेली टिक म्हणजे तुमची संमती नव्हे. बिल आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, आधी ॲपच्या तक्रार विभागाला लिहा (चॅटवरचा बॉट गोल गोल फिरवणार, फिरवू दे), मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. तरी नाही भागलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथंच दावा टाकता येतो, म्हणजे कंपनी बेंगळुरूची असू दे नाहीतर गुरुग्रामची, सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तिला उत्तर द्यावं लागतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. नियम झकास आहे, अंमलबजावणी मात्र ढिली, म्हणून २० रुपयांसाठीसुद्धा तक्रार कराच.