चाचणी नॉर्मल आली, तरी जी-सिक्स-पीडीची कमतरता असू शकते का?

एका औषधानंतर धाकट्या भावाला कावीळ झाली, हिमोग्लोबिन एकदम उतरले, डॉक्टरांनी जी-सिक्स-पीडीच्या (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या) कमतरतेची शंका घेतली, पण रुग्णालयातच केलेली चाचणी नॉर्मल आली. तेव्हा हा विषय सोडून लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात का, असे आपण विचारले आहे. विषय सोडू नका. सव्वीस वर्षांचा असताना मलाही हेच ऐकवले गेले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला व्हायवॅक्स हिवताप झाला होता आणि यकृतात दडून राहिलेल्या परजीवींसाठी प्रायमाक्वीन सुरू केले होते. तिसऱ्या दिवशी लघवी गर्द तपकिरी झाली, डोळे पिवळे पडले आणि जिन्याच्या सहा पायऱ्या चढून मला बसावे लागले. हिमोग्लोबिन १३.८ वरून ७.९ वर आले होते. औषध थांबवले, रक्त चढवले आणि त्याच आठवड्यात जी-सिक्स-पीडीची चाचणी केली. ती नॉर्मल आली. माझे काका स्वतः डॉक्टर आहेत. त्यांनी उशाशी उभे राहून निकाल दिला, ‘चाचणी नॉर्मल आहे, आणि आपल्या घराण्यात हे कोणालाच नाही. विषय संपला.’ आमच्या घरी काकांपुढे कोणी बोलत नसे.

त्यांची दोन्ही वाक्ये चुकीची होती. तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि नवे विकर तयार करण्याची सोयही नसते. अस्थिमज्जेतून निघताना मिळालेल्या शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. जी-सिक्स-पीडी हे विकर पेशीतील ग्लुटाथायोन कामाच्या स्थितीत ठेवते, आणि ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून हिमोग्लोबिनला वाचवते ते हे ग्लुटाथायोन. ज्यांचे विकर जनुकीय दोषामुळे लवकर निकामी होते, त्यांच्या म्हाताऱ्या पेशी अशा औषधाच्या माऱ्यात आधी फुटतात. मागे उरतात त्या तरुण पेशी आणि मज्जेने घाईने पाठवलेल्या कोवळ्या पेशी, ज्यांच्यात विकर अजून शिल्लक असते. शिवाय माझ्या नसांत तेव्हा रक्तदात्याच्याही पेशी फिरत होत्या. अशा वेळी घेतलेला नमुना म्हणजे नापास मुलांना घरी पाठवून वर्गाची सरासरी काढण्यासारखे आहे. म्हणूनच सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करायची असते. मी ती कोणालाही न सांगता केली आणि विकर स्पष्टपणे कमी आले. अहवाल पाहून काका म्हणाले, ‘प्रयोगशाळेची चूक असेल.’ प्रायमाक्वीनने काही जणांच्याच पेशी का फुटतात, याचा शोध घेतानाच १९५६ साली ही कमतरता उघडकीस आली. काका पदवीधर झाले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

घराण्याचे म्हणाल, तर हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. त्यामुळे काकांची सात पिढ्यांची वंशावळ माझ्या बाबतीत निरुपयोगी होती. मामांना तरुणपणी एका औषधानंतर अशीच ‘कावीळ’ झाली होती, पण आजोळची चौकशी कोणी केलीच नाही; आणि केली, तेव्हा लगेच आईकडे बोट दाखवले गेले. हा निव्वळ अडाणीपणा आहे. जगभरातील सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ही कमतरता आहे, आणि गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते म्हणूनच ती हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिली.

आता आपला प्रश्न. कमतरता जन्मभर राहते, रक्तक्षय मात्र बहुतेकांना फक्त अशा प्रसंगी होतो. एरवी हिमोग्लोबिन ठीक असते. पेशी फुटल्या तरी त्यांतील बरेचसे लोह शरीरातच राहते, म्हणून फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे रक्तातील प्रथिन) तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देणे मला मुळीच पटत नाही. फॉलिक ॲसिडबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा. प्रायमाक्वीन, टॅफेनोक्वीन, डॅप्सोन, रासब्युरिकेज, मिथिलीन ब्लू आणि नॅफ्थलीनच्या गोळ्या यांपासून सावध राहावे लागते. नुसत्या जंतुसंसर्गानेही पेशी फुटू शकतात.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवे होते. कमतरतेचे प्रकार अनेक आहेत आणि सर्वांची तीव्रता सारखी नसते. भावाची दुसरी चाचणीही नॉर्मल आली, तर कारण खरोखरच वेगळे असेल: प्रतिकारशक्तीनेच पेशी फोडणे, ज्यासाठी कूम्ब्स चाचणी करतात, किंवा पायरुव्हेट कायनेजसारख्या दुसऱ्या विकराची कमतरता. पहिला नमुना नेमका कोणत्या तारखेला घेतला आणि त्याआधी रक्त चढवले होते का, हे कागदपत्रांतून शोधून काढा, तीन महिन्यांनी विकराचे प्रमाण आकड्यात सांगणारी चाचणी करून घ्या, आणि तो अहवाल घरातील ज्येष्ठांच्या हाती देण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.