दीड लाख किलोमीटर झालेली वॅगन आर: दुरुस्ती की नवी गाडी?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न असा: मार्च २०१३ मध्ये नोंदणी झालेली पेट्रोल वॅगन आर, एलएक्सआय, १,४६,००० किमी चाललेली. रोज कामावर जाऊन येऊन २८ किमी. गॅरेजने ६४,००० रुपयांची यादी दिली आहे: क्लच ८,०००, सस्पेन्शन १५,५००, रेडिएटर आणि होजपाइप ६,५००, चार टायर १४,५००, एसीचा कंडेन्सर ८,५००, डेंटिंग-पेंटिंग ११,०००. शोरूम या गाडीचे ८०,००० देते. "८० हजारांच्या गाडीवर ६४ हजार कोण घालतं?" असं घरचे म्हणतात. नवी गाडी ६.६ लाखांना दारात येईल. जुनीचे ८०,०००, बचतीतले ८०,००० आणि ५ लाखांचं कर्ज, ९.५ टक्के, पाच वर्षं. हाती येणारा पगार ६२,०००, गृहकर्जाचा हप्ता १९,०००, घरखर्च ३०,०००, आपत्कालीन निधी १.५ लाख. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे, तर आत्ताच घ्यावी का?

माझं उत्तर: गाडी मार्च २०२८ पर्यंत ठेवा, पण ही यादी जशीच्या तशी मान्य करू नका.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहणं हीच मुळात चुकीची तुलना आहे. गाडी विकायची असती तर ती कामाची होती. तुम्हाला हवा आहे पुढच्या दोन वर्षांचा रोजचा प्रवास, म्हणून तो दोन्ही मार्गांनी कितीला पडतो ते बघा.

नव्या गाडीचा हप्ता १०,५०१ रुपये. दोन वर्षांत २.५२ लाख हप्त्यांत आणि १.६ लाख सुरुवातीला, म्हणजे ४.१२ लाख जातील. तेव्हा कर्ज सुमारे ३.२८ लाख शिल्लक असेल. गाडीची किंमत ४.६ लाख धरली, तर त्यातले तुमचे १.३२ लाख. म्हणजे दोन वर्षांचा खरा खर्च २.८ लाखांच्या आसपास. जुनी ठेवली तर, खाली दाखवतो तसे, दुरुस्तीला ६६,५०० लागतील आणि विक्रीची किंमत ८० वरून ५० हजारांवर येईल असं धरू. एकूण ९६,५००. फरक १.८ लाखांहून जास्त. यात विम्यातला फरक धरलेलाच नाही. तुमचं इंजिन ९९८ सीसीचं आहे, त्यामुळे निव्वळ थर्ड पार्टी विमा २,०९४ रुपये अधिक जीएसटी एवढ्यात होतो. ८० हजारांच्या गाडीला पूर्ण विमा घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण दाव्यात रबर-प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत कापतात आणि दहा वर्षांपुढच्या गाडीत धातूच्या भागांचीही निम्मी.

दुसरी बाब रोख पैशाची. नव्या हप्त्यानंतर पगारातले २९,५०० हप्त्यांतच जातील, म्हणजे जवळजवळ ४८ टक्के. निधीत ७०,००० उरतील आणि महिन्याचा बांधील खर्च ५९,५०० होईल. पगार एक महिना लांबला तरी ओढाताण. शोरूमवाले सात वर्षांचं कर्ज सुचवतील. त्यात हप्ता ८,१७२ वर येतो, पण व्याज १.३० लाखांवरून १.८६ लाखांवर जातं.

आता यादी. सर्वांत आधी रेडिएटर. या गाडीच्या रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लास्टिकच्या असतात. रोज तापून-निवून दहा-बारा वर्षांत प्लास्टिकला बारीक तडे जातात, जोडापाशी गळती लागते, होजपाइप कडक होतात. त्यात कोणी कूलंटऐवजी साधं पाणी भरत गेलं असेल तर आत गंज आणि क्षार साठतात. हे काम टाळलं तर इंजिन तापतं, इंजिनचा वरचा अॅल्युमिनियमचा भाग, म्हणजे हेड, वाकतं, त्याखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, जातं आणि बिल १५ ते २० हजारांवर जातं. रेडिएटर बदलताना वरचा-खालचा होजपाइप, झाकण, थर्मोस्टॅट आणि नवं कूलंट एकदमच टाकून घ्या. पंखा वेळेवर चालू होतो का ते तपासून घ्या. नंतर कधी इंजिन तापल्याचा दिवा लागला तर "घर जवळच आहे" म्हणून गाडी पुढे नेऊ नका. थांबा, इंजिन बंद करा, गरम असताना झाकण उघडू नका.

सस्पेन्शनमध्ये चारही शॉकअप्सॉर्बर लगेच लागतील असं नाही. इंजिनचं वजन पुढे असल्यामुळे पुढचे शॉकअप्सॉर्बर, त्यांचे वरचे माउंटिंग, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट आधी झिजतात. मागच्यांवर तेल ओघळलेलं नसेल आणि गाडी दाबून सोडल्यावर ती एकदाच वर येऊन थांबत असेल, तर ते राहू द्या. पुढचं काम ९,००० पर्यंत बसेल. क्रम मात्र सांभाळा: आधी सस्पेन्शन, मग टायर, मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. उलट केलंत तर नवे टायर काही महिन्यांत एका बाजूने खाल्ले जातील. टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहा. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. तुमचे एवढे जुने असतील तर नक्षी शिल्लक दिसली तरी बदला, कारण रबर कडक झाल्यावर ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही.

क्लच आज लागतोच असं नाही. चढावर चौथ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर आवाज थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घ्यावा, आणि ते जास्त खर्चाचं प्रकरण आहे. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून त्याच वेळी क्रँकचं मागचं ऑइल सील, अॅक्सलची सील आणि गिअर ऑइल बदलून घ्या. मजुरी एकदाच पडते. कंडेन्सर उन्हाळ्याच्या तोंडावर करा, आणि आधी गळती नक्की तिथेच आहे याची खात्री करून घ्या. गळती कूलिंग कॉइलला असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

पेंटिंगचे ११,००० वाचवा. दाराखालचा, पायथ्याचा पत्रा सडत असेल तेवढाच खरवडून प्रायमर मारून घ्या.

म्हणजे आत्ता ३०,०००, पुढच्या काही महिन्यांत क्लच आणि एसी मिळून १६,५००. आणखी २०,००० यादीत नसलेल्या भागांसाठी धरा, कारण या वयात ते येणारच. या इंजिनाला ठिणगीसाठी वीज देणारे तीन इग्निशन कॉइल आहेत. एक गेला की गाडी थरथरते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. तशीच दामटली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं म्हणजे व्हील बेअरिंग. अॅक्सलचा रबरी बूट फाटलेला दिसला तर लगेच बदला. ते काम काहीशे रुपयांत होतं, ग्रीस उडून जॉइंट गेला की हजारांत. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उघडावा. बहुतेक वेळा कार्बन, रेग्युलेटर किंवा बेअरिंग बदलून भागतं, नवा घ्यावा लागत नाही. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका, आतल्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं. शिवाय २०१३ च्या गाडीतले इंधनाचे रबरी पाइप आणि सील ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल धरून बनवलेले नाहीत. प्रत्येक सर्व्हिसला ते बघायला सांगा. पेट्रोलचा वास आला तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. टायमिंग बेल्टची चिंता मात्र तुम्हाला नाही, या इंजिनात चेन आहे. थंड इंजिन सुरू करताना ती खडखडली तरच लक्ष घाला, आणि तेल दहा हजार किमीच्या आत बदलत राहा.

हे सगळं एका अटीवर. ३०,००० घालण्याआधी दुसऱ्या गॅरेजमध्ये तिन्ही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे आतला दाब मोजण्याची चाचणी, करून घ्या आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहा. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. चढावर निळा धूर निघत असेल, तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसत असेल, किंवा पुढचे शॉकअप्सॉर्बर जिथे बसतात तिथला पत्रा सडला असेल, तर एक रुपयाही घालू नका, आहे तशी विका. पुढच्या दोन वर्षांतही इंजिन, गिअरबॉक्स किंवा एकाच कामाचं २५,००० हून मोठं बिल समोर आलं तर तिथेच थांबा. आधी किती घातले याचा हिशोब त्या वेळी मध्ये आणू नका.

माझ्या सल्ल्याविरुद्ध जाणारं एक वजनदार कारण आहे. तुमच्या गाडीत एअरबॅग नाहीत, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस नाही. रोजचे शहरातले २८ किमी वेगळे, पण कुटुंबाला घेऊन कसाऱ्याच्या घाटातून वारंवार मुंबईला जात असाल तर माझं उत्तर बदलतं. तेव्हा पैशाचा फरक सोसून, कमी कर्जात बसणारी, एअरबॅग असलेली वापरलेली गाडी शोधा.

ठेवायचं ठरलं तर नव्या गाडीचा हप्ता भरतोय असं समजून दरमहा १०,५०० बाजूला काढा. पहिल्या तीन महिन्यांत आपत्कालीन निधीतून काढलेले ३०,००० परत भरा. पुढची रक्कम आवर्ती ठेवीत टाका आणि दुरुस्ती त्यातूनच करा. दोन वर्षांनी व्याज सोडून १.८५ लाख उरतील आणि निधी शाबूत राहील. जीएसटीचा दर हा सणाची सवलत नव्हे, त्यासाठी घाई करण्याचं कारण नाही.

मार्च २०२८ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील. नोंदणीच्या नूतनीकरणाची फी ५,०००, शिवाय फिटनेस तपासणी आणि राज्याचा पर्यावरण कर. डिसेंबर २०२७ मध्ये पुन्हा रॅम्पवर चढवून कॉम्प्रेशन बघा. पत्रा आणि इंजिन दोन्ही धड असतील तरच नूतनीकरणाचे पैसे भरा. नाहीतर नोंदणीची मुदत शिल्लक असतानाच गाडी विका, कारण मुदत संपलेल्या गाडीचा खरेदीदार नूतनीकरणाचा खर्च आणि त्रास दोन्ही किमतीतून कापून घेतो.