वय ४१, शेती करतो, वडिलांना ५० व्या वर्षी अटॅक आला होता. मला येऊ नये म्हणून काय करू? लसूण-आल्याचा काढा पुरते का?

काढा आवडत असंल तर प्या भाऊ, पण त्यानं ब्लॉकेज उघडते हे व्हॉट्सअपवरचं ज्ञान आहे, त्याच्या भरोशावर राहू नका. वडिलांना ५५ च्या आत अटॅक आला म्हणजे तुमचा धोका इतरांपेक्षा जास्तच.

माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे, काउंटरवर रोज ऐकतो, आम्ही वावरात राबणारे, आम्हाला कायचा अटॅक. राबणं चांगलंच, पण पेरणी, डवरणी, सोंगणी झाली की मग काय, पानठेल्यावर बसून पन्नीत खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना, घोटणं सुरू. तुम्ही खाता की नाही ते लिहिलं नाही, खात असाल तर पहिले तो सोडा, बाकीचं मागून. बिडी-सिगरेट नाही म्हणून हार्टला काही होत नाही असं समजतात लोकं, पण तंबाखूतलं निकोटीन गालात ठेवलं तरी रक्तातच जाते, ठोके वाढतात, नसा आवळतात, बीपी चढते. सुटत नसंल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे.

दुसरं बीपी. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही असं काही नसते, बहुतेकांना काहीच जाणवत नाही. तिशीच्या वरच्यांची बीपी-शुगर उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताईला विचारा. १४०/९० च्या वर वारंवार येत असंल तर डॉक्टरला दाखवा, कोलेस्टेरॉलही एकदा तपासून घ्या. आणि गोळी लागली तर रोजची रोज घ्या, गोळ्यांचं अर्धं पान नेऊन "आता बरं वाटते" म्हणून बंद करणारे इतके पाहतो मी की काय सांगू, गोळीनंच तर बरं वाटून राहिलं ना! पण रक्त पातळ करायची गोळी शेजाऱ्याचं पाहून सुरू करू नका, त्यानं पोटात रक्तस्राव होऊ शकते.

खाण्यात ज्वारीची भाकर, डाळ, भाजी हे आपलं चांगलंच आहे, मीठ तेवढं सांभाळा, दिवसाचं सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत म्हणजे चहाचा एक चमचा, आणि ठेचा-लोणचं-पापडात ते कधीच संपून जाते. बाजाराच्या दिवशी त्याच त्या तेलात तळलेला आलूबोंडा, तर्री पोहे, कधीमधी ठीक.

तरीबी छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं कळ आली तर गॅस आहे म्हणून इनो पिऊन झोपू नका. शुगरवाल्यांना आणि बायांना कधी कधी नुसता दम लागते, मळमळते. स्वतः गाडी चालवत निघू नका, १०८ लावा, ईसीजी निघते अशा जवळच्या दवाखान्यात पहिले पोहोचा. हार्टच्या नसेत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जितक्या लवकर मिळंल तितकं हार्ट वाचते, नागपूरचं मोठं हॉस्पिटल त्याच्यानंतर.