व्हिसासाठी सासरी पैसे द्यावे लागतात का?

"जावयाचा पगार कमी आहे, मुलीला अमेरिकेचा व्हिसा मिळेल ना?" असं विचारणारे आईवडील माझ्याकडे नेहमी येतात. दादरला भेटायला आलेल्या एका बापलेकीची काळजी मात्र याहून पुढे गेली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जावई अमेरिकन नागरिक. सासरहून निरोप आला होता की मुलाचा पगार नियमात बसत नाही, तेव्हा पंचवीस लाख त्याच्या खात्यावर टाका, म्हणजे काम होईल. बाबांनी बदलापूरची जागा विकायला काढली होती आणि आपल्यापायी बाबा उघड्यावर येणार, या विचाराने लेकीची झोप उडाली होती.

मी आधी नियम समजावला. पत्नीच्या इमिग्रंट व्हिसासाठी, म्हणजे तिथे कायम राहायच्या व्हिसासाठी, पतीला आय-८६४ हा फॉर्म भरून आर्थिक हमी द्यावी लागते. त्यासाठी त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. दोघांच्या कुटुंबासाठी २०२५ च्या तक्त्यात हा आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. अलास्का आणि हवाईत तो जास्त असतो.

"त्याचा पगार किती?" दोघांनाही सांगता येईना. मला हीच खरी अडचण वाटली. मी मुलीला म्हटलं, "आज त्यालाच सरळ विचार. भांडू नकोस, फक्त आकडा लिहून घे." पुढच्या भेटीत तो आकडा घेऊन आली: २२,००० डॉलर. नोकरी बदलल्यावर पगार उतरला होता आणि बायकोला ते सांगायची त्याला लाज वाटत होती. फोनवर तो रडला, हे सांगताना तिचेही डोळे भरून आले. तिचा त्याच्यावरचा राग बराचसा तिथेच ओसरला.

म्हणजे तूट ४,४३७ डॉलरची. उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या पत्नीसाठी ती तुटीच्या तिप्पट लागते, ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीसाठी पाचपट. इथे १३,३११ डॉलर, तेव्हाच्या दराने साडेअकरा लाखांच्या आसपास. आणि ही मालमत्ता पत्नीची स्वतःचीही चालते, फक्त वर्षभरात तिची रोकड करता आली पाहिजे. मुलीने नोकरीतून साठवलेली चौदा लाखांची एफडी होती! ती कुणाला द्यायची नसते, फक्त दाखवायची असते. ती तिच्याच नावावर राहते.

"मग पंचवीस लाख कशाला, मॅडम?" बाबांनी विचारलं.

"काका, अशी अट कुठेही नाही. जागेचा सौदा थांबवा. लग्नाच्या निमित्ताने केलेली मागणी लग्नानंतरची असली तरी १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात येते."

सासरच्यांचा हेतू वाईटच होता, असं मी म्हणणार नाही. त्यांचे नातेवाईक लंडनला होते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट आहे, आणि केवळ बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात लागतात. कॅनडात, क्यूबेक सोडलं तर, पती-पत्नीसाठी बहुतेक वेळा किमान उत्पन्नाची अटच नसते. एका देशाचा नियम दुसऱ्याला लावल्याने घरंच्या घरं घाबरतात. पण मागणी चुकीच्या माहितीतून आली म्हणून ती पुरी करायची नसते.

हे स्वतःच्या आईवडिलांना जावयानेच सांगावं, सुनेने नाही, असा मी आग्रह धरला. त्याने तो मानला.

जावयाचे न्यू जर्सीचे मामा संयुक्त प्रायोजक, म्हणजे त्याच्यासोबत हमी देणारे, व्हायला तयार होते. एफडीवर भागत असल्याने त्यांची सही लागली नाही. तरी बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीत अधिकाऱ्याने ती मागितली, तर मामांना आधी पूर्ण कल्पना द्या, असं मी मुलीला सांगून ठेवलं. ही हमी साधारणपणे ती तिथली नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावे कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं टिकते. घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही.