स्कोडा जर्मन, एमजी इंग्लिश, मारुती आपली: हे खरं आहे का?

तुमच्या घरातला वाद असा: नवी गाडी घ्यायची आहे. थोरला भाऊ म्हणतो स्कोडा घे, जर्मन आहे. धाकट्याला इंग्लिश म्हणून एमजी हवी. आणि वडील म्हणतात, परदेशी नकोच, आपली मारुती बरी. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

माझं नाशिकमध्ये सातपूरला स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. हा वाद काउंटरवर कायम ऐकायला मिळतो. तिघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे. 'गाडी कोणत्या देशाची' हा एक प्रश्न वाटतो, पण कंपनी जन्मली कुठे, आज मालक कोण, गाडीचा आराखडा कुठला आणि ती जोडली कुठे, असे चार प्रश्न त्यात असतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या देशात सापडू शकतं.

आधी मारुतीचं सांगतो, कारण तिथे भावना गुंतलेली आहे. 1981 मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी निघाली आणि 1982 मध्ये जपानची सुझुकी त्यात 26 टक्क्यांची भागीदार झाली. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली. पुढे सुझुकीचा हिस्सा वाढत गेला, 2002 मध्ये कंपनीचा ताबा तिच्याकडे गेला आणि 2007 मध्ये सरकार पूर्ण बाहेर पडलं. म्हणजे आज मारुती जपानी मालकीची आहे. पण गाड्या बनतात हरियाणात आणि गुजरातेत, पार्ट्स बनवणारे बहुतेक इथलेच. वडिलांना चुकीचं ठरवण्याची घाई करू नका.

स्कोडा मुळात चेक. लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी 1895 मध्ये म्लाडा बोलेस्लाव्ह या गावात सायकलींपासून सुरुवात केली, 1905 मध्ये मोटार काढली. जर्मन फोक्सवॅगन 1991 मध्ये भागीदार झाली आणि 2000 मध्ये पूर्ण मालक. त्यामुळे भाऊ 'जर्मन' म्हणतो ते मालकीपुरतं खरं आहे. मात्र कुशाक आणि स्लाविया तयार होतात चाकणला, आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावर. फोक्सवॅगनची व्हर्टस बाहेर पडते तीही त्याच कारखान्यातून, आणि तिचा नि स्लावियाचा सांगाडा एकच. या दोघींत 'खरी जर्मन कुठली' यावर भांडणं मला निरर्थक वाटतं.

एमजीचं मूळ ऑक्सफर्डचं, मॉरिस गॅरेजेस. त्यांची रोव्हरबरोबरची कंपनी 2005 मध्ये बुडाली, आणि 2007 पासून हे नाव चीनच्या सायक कंपनीकडे आहे. आपल्याकडची हेक्टर चीनमधल्या बाओजुन 530 वर बेतलेली आणि विंडसर वूलिंगच्या गाडीवर. जाहिरातीत मात्र इंग्लंड दिसतं. हेक्टरसाठी तर ब्रिटिश नट बेनेडिक्ट कंबरबॅचला आणलं होतं. लोकांचा समज तिथूनच होतो, त्यांना दोष कसा द्यायचा? आता भारतातल्या कंपनीत जेएसडब्ल्यू या भारतीय उद्योगसमूहाचा 35 टक्के हिस्सा आहे आणि गाड्या गुजरातेत हालोलला बनतात, तेही पूर्वी शेवरोले बनायच्या त्या कारखान्यात.

आता आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. 2007 मध्ये महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात लोगन बनायला लागली. नाव महिंद्रा-रेनॉ, म्हणून लोक तिला फ्रेंच समजायचे. प्रत्यक्षात ती रेनॉच्या रुमानियातल्या डाचिया कंपनीची गाडी. 2010 मध्ये भागीदारी मोडली, पुढच्या वर्षी लोगनचं नाव व्हेरिटो झालं आणि तीच गाडी 'भारतीय' म्हणून ओळखली जाऊ लागली. आजही एखादा व्हेरिटोवाला टायमिंग बेल्ट मागायला येतो आणि मी रेनॉच्या डस्टरचं खोकं पुढे केलं की म्हणतो, "अहो, माझी महिंद्राची आहे." मग त्याचा जुना बेल्ट आणि नवा शेजारी ठेवतो, रुंदी दाखवतो, दाते मोजून देतो. दोन्ही गाड्यांत रेनॉचं तेच दीड लिटरचं डिझेल इंजिन, के-नाइन-के. बेल्ट जुळतो तो इंजिनाच्या कोडवर, बॉनेटवरच्या नावावर नाही.

एक्सयूव्ही 300 सुद्धा नाशिकची, पण तिचा पाया कोरियाच्या सांगयाँग कंपनीच्या टिवोली गाडीचा. ही कंपनी महिंद्राने 2011 मध्ये घेतली होती, पुढे सोडली. आणि मोटारींचे पार्ट्स बनवणारी नाशिकची जी कंपनी, जिला आपण अजून मायको म्हणतो, जिच्या नावाने मायको सर्कल आहे, तिच्यात जर्मन बॉश सुरुवातीपासून होती. 2008 मध्ये फक्त पाटी बदलली.

बाकीचे गैरसमज झटपट: ह्युंदाई आणि किया जपानी नाहीत, दक्षिण कोरियाच्या. होंडा जपानी; ह्युंदाई आणि होंडा या दोघींच्या चिन्हात 'एच' असल्याने घोळ होतो. व्होल्वोच्या मोटारी स्वीडनच्या, 2010 पासून मालक चीनची जीली. जॅग्वार आणि लँड रोव्हर इंग्लंडच्या, 2008 पासून टाटांकडे.

गाडी कुठे बनली याचा अंदाज आरसीवरच्या 17 अक्षरी चॅसिस नंबरवरून येतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांचा नंबर 'एमए' ते 'एमई' यांपैकी एका जोडीने सुरू होतो: मारुतीचा एमए3, महिंद्राचा एमए1. 'जे' म्हणजे जपान, 'एल' म्हणजे चीन. मालक कोण, ते मात्र या नंबरावरून कळत नाही.

तुमच्या यादीतल्या या तिन्ही कंपन्यांच्या नेहमीच्या गाड्या भारतातच बनतात, तेव्हा देशावरून निवड करू नका. बुकिंगआधी वर्कशॉपमध्ये जाऊन पुढचा बंपर, हेडलाइट आणि क्लच यांची किंमत विचारा, आणि माल किती दिवसांत येतो तेही. तिन्हीकडचे आकडे घरी लिहून न्या. आणि वडिलांना मालकही भारतीयच हवा असेल, तर त्यांचा आग्रह रास्त आहे; मग टाटा आणि महिंद्राच्या शोरूमलाही त्यांना घेऊन जा. त्यातली महिंद्राची थार किंवा थ्री-एक्स-ओ आवडली, तर ती इथे नाशिकलाच बनते.