३२ वर्षांच्या असिस्टंटला थेट हेड कोच करावं का?

तुमच्या युनिव्हर्सिटीचा कोच चाललाय, ऑफेन्स (आक्रमणाची फळी) सांभाळणारा ३२ वर्षांचा असिस्टंट दोन सीझन गाजवून बसलाय, आणि त्यालाच गादीवर बसवावं का असं तुम्ही विचारताय. (बाकीच्या वाचकांसाठी: हे हेल्मेटवालं, अमेरिकन कॉलेज फुटबॉल.)

वयाचं मी फार मनावर घेत नाही. लिंकन रायली २०१७ च्या जूनमध्ये ओक्लाहोमाचा हेड कोच झाला तेव्हा ३३ चा होता. पहिल्याच वर्षी १२ सामने जिंकले, २ हरले, आणि त्याचा क्वार्टरबॅक (ऑफेन्स चालवणारा मुख्य खेळाडू) बेकर मेफिल्ड हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, घेऊन गेला. पण त्या सीझनच्या राष्ट्रीय सेमीफायनलला जॉर्जियाविरुद्ध ४८ गुण करूनही ओक्लाहोमा हरलं. पुढच्या वर्षी अलाबामाने त्यांच्यावर ४५ चढवले, त्याच्या पुढच्या वर्षी एलएसयूने (लुइझियाना स्टेट) ६३. प्ले-कॉलिंग, म्हणजे ऑफेन्सने कुठली चाल खेळायची ते ठरवणं, रायलीने स्वतःकडेच ठेवलं होतं आणि ते अव्वलच होतं. डिफेन्सचं (बचावाचं) छप्पर मात्र गळतच राहिलं.

आता मार्कस फ्रीमनचं बघा. नोत्र दाम युनिव्हर्सिटीत डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (डिफेन्स सांभाळणारा असिस्टंट) म्हणून त्याचा एकच सीझन झालेला. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर हेड कोच ब्रायन केली एलएसयूला निघून गेला आणि ३५ व्या वर्षी सगळं याच्या गळ्यात पडलं. पहिले तीनही सामने हरला. तिसरा तर घरच्या मैदानावर, मार्शलसारख्या लहान संघाकडून! तेव्हा ‘घाई केली’ म्हणणारे पुष्कळ होते. पण त्याने एक काम फार शहाणपणाचं केलं होतं. डिफेन्स, म्हणजे ज्याच्या जोरावर त्याला खुर्ची मिळाली ते खातं, त्याने अल गोल्डनकडे दिलं. गोल्डन त्याच्याहून वयाने मोठा, टेंपल आणि मायामी इथे मिळून दहा सीझन हेड कोच राहिलेला. आपल्यापेक्षा अनुभवी माणूस हाताखाली घ्यायला छाती लागते. २०२४ च्या सीझनला हीच टीम राष्ट्रीय फायनलपर्यंत गेली. तिथे ओहायो स्टेटकडून ३४-२३ ने हरली, तो भाग वेगळा.

म्हणून मी तुमच्या त्या पोराला मुलाखतीत एवढंच विचारेन: तुझं आत्ताचं काम कोणाला देणार, आणि डिफेन्सला कोण? नावं तयार हवीत. ‘ऑफेन्स मीच बघेन, डिफेन्सचं बघू’ असं उत्तर आलं तर त्याला आधी एखाद्या छोट्या कॉलेजात हेड कोच होऊ द्या. कारण आता दिवसभर प्लेबुक घेऊन बसायला त्याला वेळच मिळणार नाही. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणारे खेळाडू त्यात नाव घालतात) निम्मा संघ दरवर्षी हलू शकतो, आणि २०२५ पासून युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकते. ते कोणाला किती, हा वाद शेवटी हेड कोचच्याच टेबलावर येतो.

दुसरी बाजू तुमची. ॲरिझोना स्टेटने केनी डिलिंगहॅमला ३२ व्या वर्षीच नेमलं. २०२३ मध्ये ३ जिंकले, ९ हरले. मग त्यानेही ऑफेन्स मार्कस अरोयोकडे सोपवला, जो आधी यूएनएलव्हीचा (लास व्हेगसची युनिव्हर्सिटी) हेड कोच होता, आणि २०२४ मध्ये ११-३ करून त्यांची लीग, बिग १२, जिंकली. मधलं ते वर्ष युनिव्हर्सिटीने दम धरला. तुमच्याकडचे माजी विद्यार्थी आणि देणगीदार ३-९ पचवतील का? ते मला इथे बसून नाही सांगता येणार.